उत्तर दोन, मार्क शून्य

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर, आमच्या अक्कावर. कधी झाला तेही सांगते, कारण घरात आता सगळे 'तेव्हा कधीतरी' असं म्हणतात. एकोणीसशे एकोणसाठ साल, संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार, सकाळचा दुसरा तास. मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात सिलेक्शन परीक्षेचे गणिताचे पेपर वाटले गेले, आणि चार बरोबर उत्तरांवर लाल रेघ मारून अक्काला नापास केलं गेलं. सिलेक्शनमध्ये नापास झालेल्याला कॉलेज मार्चच्या मोठ्या परीक्षेला बसू देत नसे. अक्काला बसू दिलं नाही.

मी हल्ली पत्रकं लिहिते. पत्रकात कारण, तारीख आणि मागणी या तीन गोष्टी आधी लागतात, बाकीचं जागा उरली तर. ही आठवण लिहितानाही हाताला तीच सवय आहे. पण इथे जागा आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आमचं घर शिंप्याचं. पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि इथेच राहिले असं म्हणतात. मला त्यात फारसा रस नाही. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी, आणि मधल्या ओट्यावर दोन्ही. पुढच्या खोलीत अप्पांचं दुकान होतं. दोन मशिनी, एक लांब कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले तपकिरी कागदाचे नमुने. अप्पा बायकांचे आणि मुलींचे कपडे शिवत. कॉन्व्हेंटच्या मुलींचे पूर्ण गोल घेराचे फ्रॉक, ज्यांना सगळे छत्री फ्रॉक म्हणत, ते अप्पांच्या हातचे नावाजलेले होते. आणखी एका गोष्टीसाठी अप्पा ओळखले जात. गिऱ्हाइकाला सांगितलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. ताप असला तरी नाही.

अक्काला पुढे शिकायचं होतं. नुसतं शिकायचं नव्हतं, तिला नकाशे काढायचे होते. इमारतींचे, यंत्रांचे, कसलेही. शाळेत असल्यापासून ती अप्पांचे नमुने वहीत लहान करून काढायची. अप्पांनी तिला कॉलेजात घातलं, पण एका अटीवर. अट अशी की परीक्षेला एकदाच बसायचं. पास झालीस तर पुढे, नाही तर लग्न. ही अट काही गुपचूप घातली नव्हती. ओट्यावर, काकांसमोर, समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर घातली होती. हुबळीकडच्या एका घराने अक्काला मागणी घातली होती, त्यांनाही अप्पांनी तसाच निरोप धाडला: मार्चपर्यंत थांबा. अक्का 'सरी' म्हणाली, म्हणजे कानडीत 'बरं'. तिला वाटलं, एकदाच तर एकदाच, मी काय नापास होणार आहे?

नोव्हेंबरात वर्गात रेडियन आलं.

तोपर्यंत कोन म्हणजे अंश. नव्वद, साठ, पंचेचाळीस. ते शाळेपासूनचे ओळखीचे. लेक्चरर वर्गात आले, फळ्यावर लिहिलं की पाय (π) रेडियन म्हणजे एकशेऐंशी अंश, आणि तक्ता सांगायला लागले. तीस अंश म्हणजे पाय बाय सहा, पंचेचाळीस म्हणजे पाय बाय चार, साठ म्हणजे पाय बाय तीन. मुलांनी म्हटलं, मागच्या बाकांवरच्या चार मुलींनीही म्हटलं. अंशांचं रेडियन करायचं तर पायने गुणून एकशेऐंशीने भागा, उलट करायचं तर उलटं करा. रेडियन म्हणजे मुळात काय, ते एका वाक्यात सांगून झालं होतं, आणि ते वाक्य अक्काच्या वहीत अर्धंच उतरलं होतं.

ती घरी आली आणि चिडचिड करू लागली. गुणायचं कशाने आणि भागायचं कशाने, तिचं दर वेळी उलटं व्हायचं. पाठ केलं की तासभर राहायचं, मग जायचं. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात. तक्ता ऐकायचं काम माझं. मी ऐकायचे आणि कंटाळायचे.

एका रविवारी दुपारी अप्पा छत्री फ्रॉक बेतत होते. कापडाची चौपदरी घडी, कोपऱ्यात अंगठ्याखाली टेपचं टोक, दुसऱ्या हातात टेपसह खडू, आणि खडू कमानीसारखा फिरवायचा. कमरेचं भोक काढायला त्यांचा एक ठरलेला हिशेब होता. कमरेचं जे माप असेल त्याचा सहावा हिस्सा घ्यायचा आणि त्यातून दीड सूत कमी करायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चोवीस कंबर असेल तर सहावा हिस्सा चार, त्यातून दीड सूत कमी. त्या मापाने खडू फिरवला की कंबर बरोबर चोवीस येते.

अक्काने विचारलं, "दीड सूत कमी का?"

"पूर्ण चार घेतलेस तर कंबर सैल होते. इंचभर आणि वर सूतभर."

"पण का होते?"

अप्पांनी खडू खाली ठेवला. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले की गोलाला सहा पुरत नाहीत, सहा आणि वर थोडं लागतं. त्यांच्या वडलांनी असंच सांगितलं होतं आणि आजवर एकही फ्रॉक परत आलेला नाही.

अक्का उठली. नमुन्याचा मोठा तपकिरी कागद तिने जमिनीवर पसरला. मध्ये टेपचं टोक मला दाबून धरायला लावलं आणि बारावर खडू धरून पूर्ण गोल काढला. मग त्या गोलाच्या कडेवरून टेप फिरवायला लागली. आडवी टेप वळणावर दुमडते, म्हणून शिंपी वळणाचं माप घेताना टेप कडेवर उभी करतात. तशी उभी करून, मी बोटांनी टेकू देत आणि ती पुढे सरकत, बारा झाले की खूण, परत बारा झाले की खूण. सहा खुणा झाल्या. सुरुवातीची खूण अजून पुढेच होती. मधलं अंतर मोजलं, तीन आणि वर तीन सूत.

मग तिने मधल्या टिंबापासून दोन रेघा ओढल्या, एक सुरुवातीच्या खुणेला आणि एक पुढच्या पहिल्या खुणेला. कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. सत्तावन्नच्या जरा पुढे.

"हा," ती म्हणाली. "हा एक रेडियन."

जितकी त्रिज्या, तितकीच कडेवरची लांबी. त्या दोन रेघांत जो कोन बसतो तो एक. पूर्ण गोलात असे सहा आणि वर थोडे. अर्ध्या गोलात तीन आणि वर थोडे. ते तीन आणि वर थोडे म्हणजेच पाय, आणि अर्धा गोल म्हणजे एकशेऐंशी अंश. तिने वहीत एकशेऐंशीला पायने भागलं, सत्तावन्न पूर्णांक तीन आलं. कोनमापकावर जे दिसत होतं तेच कागदावर उतरलं.

अप्पा टेबलावरून वाकून बघत होते. "याला नाव आहे होय? आम्ही तर रोज कापतो."

त्या दिवसानंतर तक्ता ऐकायचं माझं काम संपलं. अक्काने मला शिकवलं, आणि इतकं सरळ शिकवलं की आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एक रेडियन म्हणजे सत्तावन्न अंशांहून थोडा जास्त. म्हणजे रेडियनचा आकडा लहान, अंशांचा मोठा. अंशांचे रेडियन करताना उत्तर फुगलं, तर समजायचं की आपण उलटं गुणलं. साठ अंश म्हणजे एक रेडियन आणि वर शिवणीपुरतं. नव्वद म्हणजे दीड आणि वर थोडं. आधी अंदाज घ्यायचा, मग पायने गुणायचं आणि एकशेऐंशीने भागायचं. अप्पाही तसंच करत. कापड आधी नजरेने मोजायचं, टेप मग.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती चूक आमच्याच घरात होऊ शकत होती.

आमच्या दुकानात 'इंच' हा शब्द कुणी उच्चारत नसे. अप्पा टेप लावून सांगायचे, बावीस, चोवीस, साडेनऊ. समोरचा लिहून घ्यायचा, बावीस, चोवीस, साडेनऊ. सूत तेवढं तोंडाने म्हणायचं, कारण ते वेगळं असतं. नुसता आकडा म्हणजे इंचच. गिऱ्हाइकालाही माहीत, आम्हालाही. अक्का या बोलण्यात वाढली. तिच्या दृष्टीने कोनांचंही तेच झालं. अंश असतील तर आकड्याच्या डोक्यावर बारीक गोल काढायचा, ती न चुकता काढायची. रेडियन असेल तर नुसता आकडा.

सिलेक्शनच्या पेपरात चार गणितं त्या धड्यावरची होती. एक मला अजून पाठ आहे. वर्तुळाची त्रिज्या बारा इंच, कमान चोवीस इंच, तर मधला कोन किती? अक्काने चोविसाला बाराने भागलं आणि लिहिलं, दोन. खाली दोन रेघा मारल्या. बाकी तिन्हींचं तसंच. लेक्चररांनी चारही उत्तरांपुढे शून्य दिलं. चारांतल्या एकाचे मार्क मिळाले असते तरी ती पास होती.

त्या सोमवारी वर्गात काय झालं ते तिने मला घरी येऊन सांगितलं, एकदाच. ती पेपर घेऊन टेबलापाशी गेली. ते गृहस्थ शिकवायचे इंग्रजीतून, टोमणे कानडीतून मारायचे. त्यांनी पेपर वर धरला आणि वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "दोन. दोन काय? दोन वांगी? दोन शेर तांदूळ?"

वर्ग हसला. अक्का म्हणाली, "नुसते दोन, सर. वर इंच, खाली इंच. दोन्ही कटले. काही उरलं नाही."

"मग मार्कही कटले," ते म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इंचाला इंचाने भागलं की नुसता आकडाच उरतो. आणि कोनापुढे काही लिहिलं नसेल तर तो रेडियनच धरायचा, हे तिच्या पाठ्यपुस्तकात त्याच धड्याच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलं होतं. मी स्वतः वाचलं. वाचल्यावर माझं डोकं भडकलं. मी पुस्तक घेऊन सगळ्या घरभर फिरले.

दुसऱ्या दिवशी अप्पा कॉलेजात गेले. कोट घातला, टोपी घातली. अक्का बरोबर आणि मीही. लेक्चररांच्या खोलीत आम्हाला बसायला सांगितलं. अक्काने पुस्तकातली ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून वाचली, मग पुन्हा लावून वाचली. बरोबर आहे म्हणाले. पण परीक्षेत एकक लिहिलंच पाहिजे असं वर्गात बजावलं होतं, आणि शिवाय यादी काल संध्याकाळी ऑफिसात गेली, आता ती परत मागवणं बरं दिसणार नाही. हे सगळं ते शांतपणे बोलले. काल वर्गात हसवणारा माणूस तो हाच, हे खरं वाटेना.

मग ते अप्पांकडे वळले. "मुलगी हुशार आहे. पुढच्या वर्षी बसू दे. एका वर्षाने काय बिघडतं?"

अप्पा म्हणाले, "सरी." हात जोडले आणि उठले.

त्या 'सरी'वर अक्का घरापर्यंत तरंगत आली. तिला वाटलं, अप्पांनी मान्य केलं. मलाही तसंच वाटलं. सोळाव्या क्रॉसपासून, म्हणजे कॉलेजच्या आडव्या रस्त्यापासून, आमच्या घरापर्यंत ती मला सांगत होती की पुढच्या वर्षी ती प्रत्येक आकड्यापुढे इतक्या मोठ्या अक्षरांत रेडियन लिहील की त्या माणसाला चष्मा लागणार नाही.

घरी आल्यावर अप्पांनी कोट खुंटीला लावला आणि आईला सांगितलं, हुबळीला पत्र धाडायचं.

अक्का दारातच उभी राहिली. तिने विचारलं, आत्ता तुम्ही सरी म्हणालात ना? अप्पा म्हणाले की ते त्या माणसाला म्हटलं, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. अट ठरली होती. चार लोकांसमोर ठरली होती. मार्च म्हणून सांगितलं होतं, आता मार्चचा प्रश्नच उरला नाही.

"चूक माझी नाही अप्पा. तुम्ही ऐकलंत ना, ते स्वतः म्हणाले."

"तुझी नाही," अप्पा म्हणाले. "पण शब्द माझा आहे."

आवाज चढला नाही. कुणी रडलं नाही, निदान समोर नाही. अप्पा मशिनीवर बसले.

मी त्या आठवड्यात माझं पहिलं पत्रक लिहिलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय होतं, तिथल्या लोकांकडे सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, आणि मी त्यांचे कागद जुळवायला जात असे. पत्रकाचा मथळा होता 'विद्यार्थिनींची थट्टा किती दिवस?' दोन्ही बाजू भरून लिहिलं, मराठीत आणि कानडीत. वांग्यांपासून पुस्तकातल्या बारीक अक्षरांपर्यंत सगळं त्यात होतं. ओल्या शाईची पहिली प्रत अक्काला दाखवली.

तिने उभ्याउभ्या वाचली. "कुठे वाटणार?"

"कॉलेजच्या फाटकाशी."

"आपल्या फाटकाशी वाट," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला.

मला कळलं ती काय म्हणाली. कॉलेजने तिचे मार्क घेतले होते. वर्ष घेतलं नव्हतं. वर्ष आम्ही घेतलं. तो लेक्चरर पुढच्या वर्षी ये म्हणाला ते उगाच नव्हे. त्याच्या वर्गात दर वर्षी मुलं सिलेक्शनला पडायची आणि दर वर्षी परत येऊन बसायची. आमच्या काकांचा मुलगा समोरच्याच घरात होता. तो याच परीक्षेला तीनदा बसला. दोनदा पडला तेव्हा काकू म्हणाल्या, पेपर कठीण होता. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा गल्लीत लाडू वाटले. मीही खाल्ला. त्याला कुणी ओट्यावर चार लोकांसमोर अट घातली नव्हती. घालायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हे मी अप्पांना सांगायला हवं होतं. पत्रकाच्या दोन्ही बाजू भरणारी मी, अप्पांसमोर एक ओळ बोलले नाही. भीती वाटली असं नाही, अप्पा कधी हात उगारत नसत. ते चांगले होते, आणि चांगल्या माणसाला तुम्ही चुकताय असं सांगायची मला तेव्हा सवय नव्हती. कॉलेजच्या फाटकाशी वाटणं सोपं होतं. तेही मी केलं नाही. कागद वाचनालयातच पडून राहिले, पुढे पुस्तकांना वेष्टन म्हणून लागले.

वैशाखात अक्काचं लग्न झालं. माणसं वाईट नाहीत. मेहुण्यांचं कापडाचं दुकान आहे. अक्का तिथे हिशेब बघत नाही, शिवत नाही, घर सांभाळते. मागे ती माहेरी आली होती तेव्हा मी विचारलं, घरून परीक्षा देतेस का, मी फॉर्म आणते. ती हसली आणि म्हणाली की सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तू एकदा नापास झालीस ना? म्हणजे ती अट तिच्याबरोबर हुबळीला गेली होती, सामानात कुणी बांधली नव्हती तरी.

माझी पाळी आली तेव्हा अप्पांनी काहीच अट घातली नाही. ओट्यावर कुणाला बोलावलं नाही. फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "किती वेळा बसता येतं याला?" मी म्हटलं, कितीही. "स्वल्प बरं आहे मग," ते म्हणाले, स्वल्प म्हणजे जरा, आणि टेबलाकडे वळले. मी एकदाच बसले आणि पास झाले. जी सवलत अक्काला हवी होती ती मला मिळाली, आणि मला तिची गरज पडली नाही. यावर अप्पांशी माझं कधी बोलणं झालं नाही. मी आता म्हणते की त्यांना कळलं होतं. कळायला एक मुलगी खर्ची पडली, हेही म्हणते.

हे मी आपल्या समाजाच्या वार्षिकासाठी लिहिते आहे. म्हणजे वाचणारे बहुतेक अप्पांसारखे, काकांसारखे, माझ्यासारखे. तेव्हा सरळच विचारते. तुमच्या घरात या वर्षी कोण मुलगी एका विषयात राहिली आहे? स्वयंपाकघरात आहे ती. तिला कुणी काय अट घातली होती ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती तुमच्यासमोर घातली गेली. अट घालणारे तुम्ही असाल तर ती आज मोडा, चार लोकांसमोर घातली होती तशी चार लोकांसमोर मोडा. आणि तुम्ही नुसते ऐकणारे असाल, मी होते तसे, तर उठा आणि घालणाऱ्याला तोंडावर सांगा. मग कॉलेजात जाऊन तिचा फॉर्म आणा. मुलाला जितक्या वेळा बसवलंत, तितक्या वेळा तिला बसवा.